तपकिरी पाकीट

एनॉक पास्कला मी पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा तो कमरेइतक्या चरात उभा होता.
चर त्याच्या पणज्याने खणलेला.
आमच्या फेन मुलखात जमीन समुद्राहून खाली,
पाणी आपलं आपण वाहत नाही,
अडेल घोड्यासारखं त्याला ओढून न्यावं लागतं नदीपर्यंत.
ते काम पास्कांचं. कधीपासून, कुणाला आठवत नाही.

पोस्टमन लढाईवर गेला
आणि त्याची सायकल, त्याची झोळी माझ्याकडे आली.
सायकल पुरुषी, दांड्याची.
घागऱ्याला दोन पिना टोचून मी बांधावरून निघाले
आणि खड्ड्यात सपशेल आडवी झाले.
एनॉक चरातून बघत होता. हसला नाही.
दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवलेला, वर फावड्याने थोपटलेला.
एवढंच.
याहून जास्त काही होतं असं गावाने म्हणू नये.

सोळा सालचे बटाटे निघाले आणि तोही गेला.

त्याची पत्रं मी द्यायचे आणि मीच वाचायचे,
कझाया पास्कला अक्षर येत नव्हतं.
'आई, इथला चिखल आपला नव्हे.
आपल्या चिखलाला मुळांचा वास असतो, याला'
पुढची ओळ सेन्सॉरने काळी केलेली.
'कॅप्टनला म्हटलं, साहेब, हा चर उलटा खणलाय,
उतार आपल्याच अंगावर येतोय.
तो म्हणाला, पास्क, तू कुठल्या कॉलेजात शिकलास?
म्हटलं, वडलांच्या.'
हे म्हातारी तीनदा वाचायला लावायची,
आणि तिन्ही वेळा 'वडलांच्या'च्या आधीच हसायची.

पाकीट शुक्रवारी आलं.
अधिकाऱ्याच्या घरी तार जाते,
शिपायाच्या घरी छापील कागद, नाव तेवढं शाईने भरलेलं.
असं पाकीट मी गावात तीनदा नेलं होतं.
ते फोडून बघावं लागत नाही.

शनिवारी थर्झाचं, त्याच्या बहिणीचं, लग्न.
कझाया अंगणात ईल सोलत होती,
कोपरापर्यंत हात चिकट.
'आहे का गं काही?'
मी म्हटलं, नाही.

सरकारी टपाल अडवणं गुन्हा आहे, मला माहीत होतं.
तीन रात्री ते माझ्या पिठाच्या डब्यामागे राहिलं.
लग्नात मी केक खाल्ला. नाचलेसुद्धा.
निघताना कझायाने एक तुकडा फडक्यात बांधून दिला,
'एनॉकच्या वाटचा. सोमवारच्या टपालाने लाव.'

सोमवारी मी दोन्ही घेऊन गेले,
केक आणि पाकीट.

सार्जंटचं पत्र नंतर आलं,
'क्षणात गेला, काही कळलंसुद्धा नसेल.'
गावातली चारही माणसं क्षणातच गेली होती,
वाक्यसुद्धा तेच.
मग शिल्पीटांचा अँब्रोझ रजेवर आला,
टोपी गुडघ्यावर धरून बसला आणि सांगू लागला:
स्ट्रेचरवरचे जखमी पाण्यात पडून होते,
पाणी चढत होतं,
एनॉक फावडं घेऊन रात्री बाहेर पडला, कुणाचा हुकूम नसताना,
तुंबलेला चर मोकळा करायला.
तोफगोळा पडला तेव्हा तो वाकलेला होता.

'चर मोकळा झाला का?' कझायाने विचारलं.
अँब्रोझ माझ्याकडे बघू लागला.
त्याला माहीत नव्हतं.

आणि मग, सगळं झाल्यावर, एनॉकचं पत्र.
वाटेत कुठेतरी अडकलेलं, पेन्सिलीने लिहिलेलं.
मी दारातच उभी राहून वाचलं.
थंडी, मोजे, सार्जंटचं घोरणं, थर्झाला आशीर्वाद.
शेवटी:
'पावसाने बांधावरचा खड्डा परत पडला असेल.
कुणाला तरी सांग, बघायला.'

कझाया दिव्याची काच पुसत होती.
पुसलेलीच पुन्हा पुसली.
'वाच पुढे,' म्हणाली.
पुढे फक्त त्याचं नाव होतं.

खड्डा पडलाय.
तिथे आले की मी सायकलवरून उतरते,
हातात धरून चार पावलं चालते,
पुन्हा बसते.